पाचगणीच्या मुलाचं तेरावं

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरलं, की शाळांच्या पाट्या दिसू लागतात. बँकेत अधिकारी असताना माझी बदली वाईला झाली होती. त्या घाटाने मी कितीदा तरी गेलो असेन. पण तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला एक पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला, हे मला वाई सोडल्यावर पुष्कळ उशिरा कळलं.

त्याचं नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारचा. वडील बोमी तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर. कॅशियरचा मुलगा म्हटला, की आम्हा बँकवाल्यांना तो उगीचच घरचा वाटतो! आठ वर्षांच्या फारूखला आईवडिलांनी एवढ्या लांब पाचगणीला धाडलं. बाराव्या वर्षी त्याने चार मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात गाणारा मुलगा दुसराच. हा पियानोवर असे.

१९६४ साली झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब चंबूगबाळं आवरून लंडनजवळ फेल्टहॅमला आलं. मुलगा चित्रकला शिकला, बाजारात जुने कपडे विकले. १९७० साली गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ हा बँड उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. १९७५ साली फ्रेडीने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

पुढे एड्सने त्याला गाठलं. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५. अंत्यविधी पारशी रीतीने झाले.

२० एप्रिल १९९२ला उरलेल्या तिघांनी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात त्याच्या आठवणीसाठी मैफल केली. परवा मुलाने ती मला संगणकावर लावून दिली. समोर ७२ हजार माणसं. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकेल, लिझा मिनेली असे एकेक पाहुणे येतात, त्याची गाणी गातात आणि बाजूला होतात. मागे वाजवणारे मात्र तेच तिघे. नवा फ्रेडी शोधायची कुणालाच घाई नाही. मधेच एलिझाबेथ टेलर येते आणि गाण्याविषयी नव्हे, एड्सविषयी बोलते. जे नाव तेव्हा घरात दार लावून घेतलं जाई, ते या मित्रांनी भर मैदानात, त्याच्या नावाशेजारी उच्चारलं. त्या मैफलीच्या पैशातून एड्सविरुद्ध काम करणारा ट्रस्ट उभा राहिला.

ते पाहताना मला आमची शाखा आठवली. १९९३चा मार्च. काउंटरवरचा एक तरुण कारकून वारला. घरच्यांनी टीबी सांगितला. कुजबुज वेगळीच होती. मुलगा हसतमुख, हिशोबाला चोख, दुपारच्या डब्यात सगळ्यांना वाटेकरी करणारा. पण त्याच्या तेराव्याला शाखेतून कुणीही गेलं नाही. मीही गेलो नाही. मार्च एंडचं काम ही सबब माझ्याजवळ होतीच. आठवड्याभरात त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला आणि त्याचं नाव निघेनासं झालं.

फ्रेडीच्या मित्रांजवळ गिटार होती, ड्रम होते, मैदान होतं. आम्हाला तर नुसतं जाऊन सतरंजीवर पाच मिनिटं बसायचं होतं.

त्याची आई अजून वाईतच असते असं कळलं. येत्या रविवारी जाऊन येणार आहे. काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही. त्याचं नाव मात्र नक्की घेईन.