कळफलकाचे जनक : क्रिस्टोफर शोल्स

आमच्या पेडगावातील एखाद्या घरात लॅपटॉप उघडला, की नवशिक्या मुलाला पहिले कोडे पडते ते अक्षरांच्या क्रमाचे. ए, बी, सी पाठ असूनही त्याचे बोट कळ शोधत भटकते. ही उलटसुलट मांडणी ज्यांच्या हातून घडली, त्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेतले पाहिजे.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. लहान वयातच त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली. पुढे विस्कॉन्सिनमध्ये ते वृत्तपत्राचे संपादक झाले व विधिमंडळातही गेले. १८५३ साली त्या राज्याने फाशीची शिक्षा रद्द केली, त्या प्रयत्नांत ते अग्रभागी होते.

ग्लिडन व सूले या सहकाऱ्यांसह त्यांनी २३ जून १८६८ रोजी टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळवले. आरंभीच्या नमुन्याच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या. भांडवल पुरवणारे डेन्समोर दोष दाखवीत आणि शोल्स पुन्हा नवा नमुना करीत. या खटाटोपात अक्षरांच्या जागा बदलत गेल्या. टाइपांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून हे बदल झाले, असे सांगतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीने ते झाले, असे काही संशोधक मानतात. १८७३ साली रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. त्यात केवळ मोठी अक्षरे होती. १८७८ च्या नमुन्यात लहान अक्षरे आली आणि त्यांच्यासाठी शिफ्टची कळही आली. तेव्हा ती यंत्राचा भाग खरोखरच सरकवी. आज काहीच सरकत नाही, नाव मात्र टिकून आहे.

शोल्स यांनी आपले हक्क विकून टाकले. मोठा नफा इतरांच्या पदरी पडला. क्षयाने शरीर पोखरले, तरी त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. १८८९ साली त्यांनी नव्या यंत्रासाठी अर्ज केला. त्यात अक्षरांची मांडणी निराळी होती! १७ फेब्रुवारी १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ते पेटंट मंजूर झाले १८९६ मध्ये. पण तोवर हजारो बोटांना जुनी वाट सवयीची झाली होती.

आपल्या मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. वर्णमालेची शिस्त तिने सांभाळली आहे. तरी बोटे फिरतात ती शोल्स यांच्याच कळांवरून. जनकाला जे बदलावेसे वाटले, ते जगाने बदलले नाही. पहिली सवय किती विचारपूर्वक लावून घ्यावी, हे आपण विद्यार्थ्यांनी यातून शिकावे.