शिवणयंत्राचा कर्ता इलायस हौ

शिंप्याच्या दुकानातील यंत्राचा खडखडाट आपणांपैकी प्रत्येकाने ऐकला असेल; परंतु त्या यंत्राची सुई निरखून पाहणारे थोडेच. हातसुईचे नेढे मागील टोकास असते, तर यंत्राच्या सुईचे नेढे टोचणाऱ्या टोकापाशीच असते. अशा सुईचे यंत्र जगाच्या उपयोगास यावे म्हणून ज्याने आपली उमेदीची वर्षे वेचली, त्या इलायस हौ याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

हौ याचा जन्म ता. ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, स्पेन्सर या गावी झाला. १८३५ साली तो लोवेल येथे गिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून राहिला. पुढे मंदीमुळे ते काम सुटले व त्याने आरी डेव्हिस नामक निष्णात कारागिराच्या हाताखाली नोकरी धरली. शिवण्याचे यंत्र करण्याचा ध्यास त्यास येथेच लागला. घरी पत्नी व तीन मुले, आणि मिळकत बेताची. अशा वेळी जॉर्ज फिशर या मित्राने त्याच्या कुटुंबास आपल्या घरी आसरा दिला, साहित्यासाठी पाचशे डॉलर पुरविले, आणि त्याबदली पेटंटातील निम्मा वाटा ठरवून घेतला.

१८४५ साली यंत्र तयार झाले. त्याची रचना अशी: सुई दोरा घेऊन कापडातून आरपार जाई व मागे सरताना दोऱ्याचा एक फास पडे, त्या फासातून लहानसा धोटा दुसरा दोरा ओढून नेई. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांस अडकत व टाका पक्का होई. बॉस्टन येथील जाहीर परीक्षेत, मिनिटास सुमारे अडीचशे टाके घालून, या यंत्राने पाच शिवणकरणींस मागे टाकले. तरीही गिऱ्हाईक मिळेना. किंमत भारी होती आणि शिंप्यांस आपल्या पोटावर पाय येईल असे भय वाटे. शिवाय कापड टाचण्यांवर उभे अडकवावे लागे, त्यामुळे एका वेळी थोडीच सरळ टीप घालता येई.

ता. १० सप्टेंबर १८४६ रोजी हौ यास पेटंट मिळाले. त्याच्या भावाने लंडन येथील विल्यम टॉमस या कारखानदारास एक यंत्र अडीचशे पौंडांस विकले. पाठोपाठ हौ सहकुटुंब तेथे गेला. परंतु धन्याशी बिनसले व उपासमारीची पाळी आली. कुटुंबास पुढे पाठवून, यंत्राचा नमुना व पेटंटाचे कागद गहाण टाकून, तो १८४९ साली मायदेशी परतला. तो पत्नी क्षयाने अंथरुणास खिळलेली! थोड्याच दिवसांत तिचा अंत झाला.

इकडे इतर कारखानदार त्याच्या परवानगीवाचून यंत्रे विकू लागले होते. त्यांत आयझॅक सिंगर हा प्रमुख होय. उभी सुई व पायटा यांमुळे सिंगरचे यंत्र अधिक सोयीचे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु टाक्याची मूळ रचना हौच्या पेटंटातील होती. प्रतिपक्षाने वॉल्टर हंट याचे उदाहरण पुढे केले. हंट याने हौच्या पूर्वीच तसे यंत्र केले होते खरे, परंतु वेळीच पेटंट न घेता ते तसेच टाकून दिले होते. अखेर १८५४ साली हौ याचा हक्क शाबीत झाला. दर यंत्रामागे त्यास ठराविक रक्कम मिळू लागली व तो लक्षाधीश झाला. अमेरिकेतील यादवी युद्धात मात्र हा धनिक साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि आपल्या पलटणीचा पगार थकला असता त्याने तो पदरचा दिला.

१८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचा सुवर्णपदक देऊन गौरव झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात पेटंटाची मुदत संपली आणि ता. ३ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हौ निवर्तला.

हंट बुद्धीने हौहून उणा नव्हता. उणी होती ती चिकाटी. ईश्वराने दिलेली बुद्धी अर्ध्या वाटेवर टाकून न देता कार्य शेवटास नेणे, हाच या चरित्राचा बोध होय. आणि ज्या साध्वीने दारिद्र्यात साथ दिली, पण वैभव पाहिले नाही, तिचेही स्मरण आमच्या वाचकांनी ठेवावे.