लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई टिळक शाळेत कधीच गेल्या नाहीत. तरीही मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांची नावे घेऊ लागले, की त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे नाव आरंभीच घ्यावे लागते. हा ग्रंथ त्यांनी लिहिला तो उतारवयात.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी गोखले घराण्यात झाला. वडील अतिशय कर्मठ होते. सोवळ्याओवळ्याचे त्यांना इतके वेड, की घरात आलेले धान्यसुद्धा धुवून वाळविल्याखेरीज वापरले जात नसे. अशा घरात मुलीने अक्षर गिरवावे, असे कोणाच्या मनातही आले नसेल. जात्यावरच्या ओव्या आणि पोथीचे श्रवण, हेच त्या काळच्या बहुतेक स्त्रियांचे विद्यालय होते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. हेच पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले गेलेले रेव्हरंड टिळक. स्वभावाने ते मनस्वी होते. मनात आले, की घर सोडून निघून जात. पत्नीला त्यांनी लिहायवाचायला शिकविले खरे. पण हे शिक्षण जुजबीच होते. संसार सांभाळता सांभाळता जेवढे पदरात पडले, तेवढेच.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला परतल्या. परंतु आरंभी आपले खाणेपिणे त्यांनी वेगळेच ठेवले होते. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, हे त्यांना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटत गेले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आग्रहाखातर त्यांनी हे केले, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

अहमदनगरचे त्यांचे घर नेहमी भरलेले असे. अनाथ मुले तेथे वाढली; तरुण कवी बालकवी ठोंबरे हेही काही काळ त्या घरात राहिले. कवितेच्या अशा सहवासात लक्ष्मीबाईही कविता रचीत. पुढे त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. त्याचे सुमारे दहाच अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. एका नामवंत कवीचे अपुरे काव्य पूर्ण करायचे, तेही ज्याने आपल्याला अक्षर शिकविले त्याचेच! एखादा विद्वानही येथे कचरला असता. लक्ष्मीबाईंनी मात्र त्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. ओवीचा साचा त्यांच्या कानांत लहानपणापासून बसला होता, हे खरे. पण इतक्या दीर्घ कथेचा धागा वर्षानुवर्षे हातातून सुटू न देणे, ही गोष्ट नुसत्या कानाने साधत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची जन्मकथा तर याहून वेगळी आहे. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आपल्या आठवणी टिपून द्याव्यात, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्या आठवणी लिहिता लिहिता त्यांचे एक स्वतंत्र पुस्तकच झाले. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. घरात बोलतो तसे बोलावे, अशी त्याची भाषा आहे. वडिलांचे सोवळे, पतीचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती, उपासमार, वियोग, सारे काही त्यात आहे. आणि बहुतेक ठिकाणी वाचक हसतो. ज्यांनी आपल्याला छळले, त्यांच्याविषयीही कडवटपणा नाही. पुस्तकी शिक्षणाचे वळण या लेखणीला लागले नाही, हे मराठीचे भाग्यच म्हणावे लागेल.

या सुमारास त्यांना मानसन्मानही लाभले. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा राहिला होता, तो देवदत्तांनी पूर्ण केला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रकाशित झाले. तो छापील ग्रंथ लक्ष्मीबाईंना पाहता आला नाही.