ॲडलेड नगरीचे पहिले मेयर

ऑस्ट्रेलिया खंडात लोकांनी निवडलेली पहिली नगरपालिका इ. स. १८४० मध्ये ॲडलेड येथे स्थापन झाली, व तिचे पहिले मेयर, म्हणजे नगराध्यक्ष, जेम्स हर्टल फिशर हे होते. यांचा जन्म इ. स. १७९० मध्ये इंग्लंडात झाला. धंद्याने ते वकील होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात नवी वसाहत वसविण्याचे ठरले, तेव्हा जमिनीची विक्री व तिचा पैसा ज्याच्या हाती राहावयाचा अशा कमिशनरची जागा त्यांस मिळाली. पत्नी व आठ मुले यांसह 'बफेलो' जहाजाने ते इ. स. १८३६ च्या डिसेंबरात तेथे उतरले.

त्याच जहाजावर गव्हर्नर हिंडमार्श होते. राज्यकारभार गव्हर्नरांकडे आणि जमीन फिशरसाहेबांकडे, अशी एका म्यानात दोन तलवारींची व्यवस्था विलायतेतील मंडळींनी करून ठेविली होती. ती कशी निभावी? नगराची जागा कर्नल लाइट यांनी निवडिली, ती बंदरापासून दूर म्हणून गव्हर्नरांस रुचली नाही. फिशरसाहेबांनी लाइट यांची बाजू घेतली. जागा तीच राहिली, पण भांडण वाढत गेले, आणि इ. स. १८३८ मध्ये दोघांचेही अधिकार गेले. नवे गव्हर्नर गॉलर यांच्याकडे दोन्ही कामे एकत्र आली. पुढल्याच वर्षी आगीत फिशरसाहेबांची झोपडी जळाली. ते पुन्हा वकिली करू लागले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ती भूमी कौर्ना लोकांची होती. मूळच्या रहिवाशांच्या ताब्यातील जमिनीवर त्यांचा व त्यांच्या वंशजांचा हक्क अबाधित राहावा, असे राजे चौथे विल्यम यांच्या इ. स. १८३६ च्या सनदेत स्पष्ट लिहिले होते. असे असताही फिशरसाहेबांच्या कचेरीने कौर्नांशी काही करार न करता जमीन विकली. कायदा जाणणाऱ्या गृहस्थाच्या हातून हे व्हावे, हे आम्हांस फार खेदकारक वाटते. कौर्नांच्या हक्कास न्यायालयाची मान्यता मिळण्यास इ. स. २०१८ उजाडले.

इ. स. १८४० च्या ३१ ऑक्टोबर रोजी नगरपालिकेची निवडणूक झाली. मताचा अधिकार ठराविक मिळकत असलेल्या पुरुषांनाच होता. पण निवडीची रीत मात्र अपूर्व होती. टपालाचा दर एक पेनी करविणारे रोलंड हिल यांनी ती सुचविली होती. सभासद १९ निवडावयाचे. एकूण मतदारांच्या संख्येस १९ ने भागून जो आकडा येईल तितके मतदार एकविचाराने जमले, तर त्यांनी आपला एक सभासद परस्पर निवडावा. उरलेले सभासद बाकीच्यांच्या मतांनी निवडावयाचे. बहुमतापुढे थोडक्यांचा आवाज बुडू नये, असा यात हेतू होता.

सभासदांनी फिशरसाहेबांस मेयर निवडिले. पूर्वी राजाज्ञेने मिळालेला अधिकार भांडणात गेला होता. हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिला. पण नव्या पालिकेची तिजोरी जवळजवळ रिकामी! त्यातच वसाहतीचे सरकार कर्जात बुडाले, लोक घरपट्टी कोठून भरणार? इ. स. १८४३ मध्ये ती नगरपालिका कर्जापायी बंद पडली. फिशरसाहेब त्यापूर्वीच पदावरून उतरले होते.

इ. स. १८५२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा ६२ वर्षांच्या फिशरसाहेबांसच पुन्हा मेयर करण्यात आले, व इ. स. १८५४ पर्यंत त्यांनी काम पाहिले. पुढे इ. स. १८५७ ते १८६५ पर्यंत ते तेथील वरिष्ठ कायदेमंडळाचे अध्यक्ष होते, इ. स. १८६० मध्ये त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्या घराण्यास घोड्यांच्या शर्यतींचा नाद फार, तो आम्ही वाखाणीत नाही.

इ. स. १८७५ च्या २८ जानेवारी रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ॲडलेडातील एक चौक त्यांच्या नावावरून आजही हर्टल चौक म्हणून ओळखला जातो.