रुग्णालयातील रात्रपाळी

हैदराबादच्या कुकटपल्लीत जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तेथील पदवीधर उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात आणि अनुभवाशिवाय काम नाही, कामाशिवाय अनुभव नाही, या चक्रात सापडतात. आमच्या किनाऱ्यावरील मुलेही त्याच वाटेने जात असल्यामुळे, एका तेलुगू सुपुत्राचे, डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे, स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९५ साली भीमवरम येथे जन्मलेल्या सुब्बारावांवर मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्याबद्दल प्राध्यापकांचा रोष झाला व पूर्ण पदवीऐवजी दुय्यम पदविका हाती आली. सासऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड गाठले. तेथे त्यांच्या वैद्यकीला कोणी विचारीना. पोटासाठी हा डॉक्टर बॉस्टनच्या रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल झाला! अर्जात मिरवावे असे ते काम नव्हते. परंतु त्याच्याच आधारावर त्यांना शिक्षण सोडावे लागले नाही. पुढे सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत त्यांना खरे काम मिळाले. १९२५ मध्ये रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची या दोघांची पद्धत प्रसिद्ध झाली. १९३० मध्ये डॉक्टरेट लाभली. तरीही हार्वर्डने त्यांना कायम पद दिले नाही, हे आम्हांस आजही खटकते.

१९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. घरी पत्नी वाट पाहत राहिली. ते परतले नाहीत. १९४८ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. आमच्या किनारपट्टीला पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या हत्तीपायावरील हेट्राझान हे औषध त्यांच्याच देखरेखीखाली तेथे सिद्ध झाले होते.