कुलसुम सयानी : अक्षरं घराच्या आत नेणाऱ्या बाई

अमीन सयानी कोण, हे आपल्या घरातल्या थोरामोठ्यांना सांगावं लागत नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि तो आवाज घराघरात पोहोचला. त्यांची हिंदुस्तानी एवढी सोपी, की उर्दू शाळेत शिकलेल्यालाही कळायची आणि मराठी शाळेत शिकलेल्यालाही. ही जबान त्यांना घरातच मिळाली. अम्मी एक पाक्षिक चालवायच्या आणि लहानपणापासून त्या कामात अमीनचा हात होता. त्या पाक्षिकाचं नाव ‘रहबर’. अम्मींचं नाव कुलसुम सयानी.

मुलगा सगळ्यांना ठाऊक आहे, आई फारशी नाही. लहान मुलांना वाचायला शिकवणारे आपण शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे आईबाप, आपल्याला तरी ही बाई माहीत असायला हवी.

कुलसुमबींचा जन्म २१ ऑक्टोबर १९०० चा, गुजरातमधला. वडील डॉ. रजबअली पटेल हे नावाजलेले डॉक्टर. गांधीजी आणि मौलाना आझाद यांच्यावर ते उपचार करत. १९१७ मध्ये वडिलांसोबत त्या गांधीजींना भेटल्या आणि तिथून पुढे त्या चळवळीच्या झाल्या. त्यांचे पती डॉ. जान मोहम्मद सयानी हेही डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. म्हणजे घर खात्यापित्यांचं, शिकल्यासवरलेल्यांचं. मुंबईत आरामात राहता आलं असतं. कुलसुमबींनी मात्र मोहल्ल्यातल्या दारांवर थाप मारायला सुरुवात केली.

त्या काळाचा थोडा अंदाज घेऊ. १९५१ च्या जनगणनेत, म्हणजे देश आझाद झाल्यावरसुद्धा, शंभर बायकांमागे जेमतेम नऊ जणी लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या. कुलसुमबींनी काम सुरू केलं ते त्याच्या दहा-बारा वर्षं आधी. १९३७ ते १९३९ या काळात मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं आणि साक्षरतेच्या मोहिमेला सरकारचीही साथ मिळू लागली होती. वर्ग निघाले, पण पडद्यातल्या बाईने तिथे यायचं कसं? वर्ग गल्लीच्या टोकाला असला तरी तिच्यासाठी तो परगावीच.

मग कुलसुमबींनी उलटी वाट धरली. बाई वर्गात येत नसेल तर वर्ग तिच्या घरी न्यायचा. हाताशी होते १०० रुपये आणि दोन शिक्षिका. मुस्लिम घरांत जायचं आणि घरातल्या बायकांना शिकू द्या म्हणून समजावायचं, हे त्यांचं काम. ते सोपं नव्हतं. अनेक घरांतून नकार मिळाला. चूल, मुलं, शिवणकाम सोडून या वयात पाटी कशाला, हा सवाल तर आजही आपल्या कानावर येतो! तरी त्या परत परत गेल्या. हळूहळू दारं उघडत गेली, वर्ग वाढले आणि शहराच्या प्रौढशिक्षण समितीच्या कामात मुस्लिम बायकांच्या वर्गांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की ‘आमच्या बायका शिकत नाहीत’ असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. अडचण बाईच्या डोक्यात नाही, वर्गाच्या जागेत आहे, हे त्यांनी ओळखलं. आपण जलशांत, स्नेहसंमेलनांत नेहमी सांगतो की पहिली वही वाचण्याच्या हुकमाने सुरू झाली. ते सांगून टाळ्या मिळतात. पण घरातल्या बाईने वाचायचं तर कुठे बसून, कोणाकडून आणि कोणत्या वेळी, हा हिशेब मांडणारे थोडे. कुलसुमबी त्या थोड्यांमधल्या.

पण अक्षरं शिकवून काम संपत नाही. पहिलीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही हे विचारा. कायदा संपला, बाराखडी संपली, आणि पुढे वाचायला काही नसेल तर दोन महिन्यांची सुट्टी सगळं पुसून टाकते. मोठ्या माणसाचंही तसंच. नवसाक्षर बाईसमोर ठेवायचं काय? वर्तमानपत्राची भाषा जड, किताबांची त्याहून जड. उर्दूची तर आणखी एक गंमत आहे. ‘बे’ हे अक्षर एकटं असताना एक दिसतं, शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं. शिवाय सुरुवातीच्या पुस्तकांत जेर, जबर, पेश असतात, ते पुढच्या पुस्तकांतून गायब होतात. नाजरा कुरआन झरझर वाचणारं मूल उर्दूच्या गोष्टीवर अडखळतं ते यामुळेच. ते मूल ‘ढ’ नसतं. त्याच्या हातातली काठी काढून घेतलेली असते, एवढंच.

१९४० मध्ये सुरू झालेलं ‘रहबर’ याच मधल्या जागेसाठी होतं. कायदा संपलेल्या आणि अखबार न झेपणाऱ्या वाचकांसाठी. भाषा बोलीतली, सोपी हिंदुस्तानी. आणि खास गोष्ट म्हणजे लिपी एक नाही, तीन. नागरी, उर्दू आणि गुजराती. जबान एकच, कपडे तीन. जिला जी लिपी येते तिने त्या लिपीत वाचावं.

हिंदी की उर्दू, या वादाने तेव्हा देश तापलेला होता. गांधीजी दोन्ही लिपींतल्या हिंदुस्तानीचा आग्रह धरत होते, आणि १९४२ मध्ये वर्ध्याला त्यासाठी हिंदुस्तानी प्रचार सभाही निघाली. ‘रहबर’ हे त्याच विचाराचं काम. १९४५ मध्ये गांधीजींनी कुलसुमबींना पत्र लिहून या कामाला पसंती कळवली. दोन्ही बाजूंना आपापल्या लिपीचा झेंडा हवा होता, तेव्हा ही बाई दर पंधरा दिवसांनी तिन्ही लिपींत एकच मजकूर छापत होती. फाळणी झाली, माणसं इकडची तिकडे गेली, तरी ‘रहबर’ चालूच राहिलं. १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षं.

ही गोष्ट आपल्या पनवेलमध्ये बसून वाचताना जुनी वाटत नाही. इथल्या कित्येक घरांत आज काय चित्र आहे? दादी-नानी कोकणी बोलतात. अम्मी उर्दू शाळेत शिकलेली. मूल मराठी नाहीतर इंग्रजी माध्यमात. संध्याकाळी मदरशात अरबी. मूल मराठीचं पुस्तक घेऊन येतं आणि अम्मी म्हणते, मला हे येत नाही, ट्यूशनला विचार. इथे आई अनपढ नसते, तिची लिपी वेगळी असते. पालकसभेत अशा अम्मी मागच्या बाकावर गप्प बसतात, ते बघवत नाही.

अशा घरात ‘रहबर’ची युक्ती वहीच्या एका पानावर जमते. पानाच्या एका बाजूला अम्मीने उर्दूत चार ओळी लिहायच्या, आज घरात काय शिजलं, कोण पाहुणे आले, मांजर कुठे बसली. तेच शब्द दुसऱ्या बाजूला मुलाने नागरीत लिहायचे. मग दोघांनी आपापली बाजू मोठ्याने वाचायची. आवाज एकच निघतो, हे कळल्यावर सहा वर्षांच्या मुलाचा चेहरा पाहावा. आईला नागरी थोडी थोडी येऊ लागते, मुलाला उर्दूची ओळख होते. पैसे लागत नाहीत. रोजची दहा मिनिटं मात्र लागतात, आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवावा लागतो.

कुलसुमबींचं काम वर्ग आणि पाक्षिकापुरतं नव्हतं. अखिल भारतीय महिला परिषदेत त्या सरचिटणीस होत्या, प्रौढशिक्षणाच्या परिषदांसाठी परदेशातही जाऊन आल्या. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली, १९६९ मध्ये नेहरू साक्षरता पुरस्कार. २७ मे १९८७ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा सगळीकडे गीतमालेच्या आठवणी निघाल्या. ‘रहबर’चा उल्लेख त्यात कुठे आला तर एखाद्या ओळीचा. ते स्वतः मात्र सोपं बोलण्याची तालीम त्या पाक्षिकातच मिळाल्याचं सांगत असत.