लक्ष्मीबाई टिळक

नाशिकपासून जवळच गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे लहानसे गाव आहे. या गावी १ जून १८६८ रोजी गोखल्यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका असे ठेवण्यात आले. हीच कन्या पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्रास परिचित झाली. तिने शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. परंतु तिने लिहिलेले आत्मचरित्र मराठी भाषेचे एक अमोल लेणे ठरले.

मनकर्णिकेचे बालपण सुखाचे नव्हते. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावात फाशी झाली होती. त्या आघाताने मनकर्णिकेच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. कोणाचा स्पर्श होईल, कोणता विटाळ होईल, या भीतीने त्यांचे मन ग्रासून गेले. बाहेरून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेतली पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. धान्य तर धुतले जाईच; पण पाण्यात विरघळून जाणारे मीठही त्यातून सुटत नसे. मुलांनी कोणाकडे जाऊ नये, कोणास शिवू नये, कोणाकडचे काही खाऊ नये, अशी सक्त ताकीद असे. ज्या अन्नाने मन प्रसन्न व्हावे, त्याच अन्नाच्या पायी त्या घरात सदैव धाक नांदत होता. पुढे नाशिकचे गोविंदराव खांबेटे यांनी मनकर्णिकेस आपल्या घरी नेले. तेथे तिला थोडे मायेचे दिवस दिसले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षीच, तिचा विवाह झाला. वर होते नारायण वामन टिळक. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला होता. ते बुद्धिमान होते, संस्कृतात निपुण होते आणि जातिवंत कवी होते. फुले आणि मुले यांच्यावर त्यांचे इतके प्रेम होते, की पुढे लोक त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणू लागले. मात्र संसार नेटका करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पैसा हाती आला, की तो गरजवंतास देऊन ते मोकळे होत. घरात उद्याचे धान्य आहे की नाही, हा विचार त्यांना शिवत नसे. राग आला किंवा मनात काही कल्पना आली, की ते न सांगता घर सोडून जात आणि कोठल्या तरी दूरच्या गावी नोकरी धरीत. मग काही दिवसांनी पत्नीस बोलावून घेत, पुन्हा बिऱ्हाड थाटले जाई आणि पुन्हा मोडले जाई.

अशा संसारात लक्ष्मीबाईंची मोठी ओढाताण होई. लहानग्या अपत्यांच्या मृत्यूचे दुःखही त्यांना सोसावे लागले. तथापि त्यांच्या अंगी एक गुण उपजतच होता. स्वतःवर आलेल्या प्रसंगाकडेही त्या जरा दूर उभ्या राहून पाहू शकत आणि त्यातील हसण्याजोगे काय ते शोधून काढीत. टिळकांनीच त्यांना लिहावाचावयास शिकविले. १८९१ साली त्यांना पुत्र झाला.  घरात सारे त्यास दत्तू म्हणत. आता संसार स्थिर होईल, अशी आशा लक्ष्मीबाईंना वाटू लागली.

परंतु तसे व्हावयाचे नव्हते. एकदा टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. दोघांचे काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले. निरोप घेताना त्या प्रवाशाने नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. टिळक ते पुस्तक वाचू लागले. येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. जातिभेदाने दुभंगलेल्या आपल्या देशास प्रेमाचा हाच धर्म तारील, असे त्यांना वाटू लागले. पुष्कळ विचार करून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी पडली, तेव्हा त्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. पती जिवंत असूनही त्यांना अंतरला होता. त्याच्या घरी जावे तर धर्म बुडतो आणि न जावे तर संसार बुडतो, अशी त्यांची अवस्था झाली. शोकाने त्यांना अन्न गोड लागेना. नातलगांनी त्यांना आधार दिला. लहानग्या दत्तूस घेऊन त्या पंढरपूर येथे राहिल्या. या एकाकी दिवसांत त्यांच्या दुःखाने एक नवी वाट शोधली. त्या कविता रचू लागल्या. घरातील काम करता करता ओळी जुळत आणि मनावरचा भार थोडा हलका होई.

इकडे टिळकही सुखात नव्हते. पत्नी आणि पुत्र यांच्यासाठी त्यांचा जीव तुटत होता. दुसरा विवाह करण्याचा विचारही त्यांनी मनात आणला नाही. ते पत्रे पाठवीत, भेटीस येत आणि लक्ष्मीबाईंनी आपला धर्म पाळूनच आपल्याजवळ राहावे, अशी विनवणी करीत. अशी चार-पाच वर्षे गेली. अखेर लक्ष्मीबाईंनी मनाशी निश्चय केला आणि पुत्रास घेऊन त्या अहमदनगर जिल्ह्यात पतीजवळ राहावयास गेल्या. प्रथम त्यांनी आपले सोवळे कडकपणे सांभाळले. त्यांची चूल वेगळी होती आणि पिण्याचे पाणीही वेगळे होते. टिळकांनी त्यांना आपला धर्म स्वीकारण्याचा आग्रह केला नाही.

अशा वेळी लक्ष्मीबाईंच्या मनात एक मोठी उलथापालथ झाली. ती कोणाच्या उपदेशाने झाली नाही, तर त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाली. एके दिवशी त्या एकट्याच बसल्या असता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की जाती कोणी निर्माण केल्या असतील? देवाने त्या केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांच्या जातींप्रमाणे माणसामाणसांच्या देहांतही काही भेद दिसला असता. परंतु सर्वांचे जन्म सारखे, मरण सारखे, भूक सारखी आणि वेदनाही सारखी. मग हा भेद माणसानेच केला असला पाहिजे. एवढे मनास पटताच त्यांनी पुढे पाऊल टाकण्यास विलंब लावला नाही. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. ज्या मुलीचे बालपण मीठ धुण्यात गेले होते, तिने मनाला लावलेला विटाळाचा अडसर अशा रीतीने आपल्याच हाताने काढून टाकला.

यानंतर त्यांनी येशूचे चरित्र आणि त्याची शिकवण यांचा आपल्या परीने विचार केला. त्यांची श्रद्धा हळूहळू दृढ होत गेली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीने धर्म बदलला म्हणून पत्नीने बदलला, असे हे झाले नाही. जे त्यांना पटले नव्हते, त्याला त्यांनी चार-पाच वर्षे दुःख सोसून नकार दिला होता. आणि जे पटले, ते त्यांनी कोणाची भीड न धरता स्वीकारले.

ख्रिस्ती कुटुंबांत जेवणास बसण्यापूर्वी परमेश्वराचे आभार मानण्याची चाल आहे. देवाने केलेल्या उपकारांचे स्मरण करून त्याची स्तुती करणे, यास मराठी ख्रिस्ती समाजात उपकारस्तुती असे म्हणतात. ताटात पक्वान्न असो की कोरडी भाकरी असो, ती आपल्याला दिलेली आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी असते. टिळकांच्या घरी ही उपकारस्तुती केवळ शब्दांपुरती राहिली नाही. त्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. आईबापांविना उघडी पडलेली मुले दारोदार फिरत होती. टिळकांनी अशा मुलांना घरी आणावे आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना न्हाऊमाखू घालून पोटाशी धरावे, असा क्रम सुरू झाला. कोणाचे मूल, कोणत्या जातीचे, हे विचारण्याचे कारण उरले नव्हते. घरात पैशांची टंचाई तर नित्याचीच होती. परंतु जे काही शिजे, ते सर्वांत वाटले जाई. आपल्याला मिळाले म्हणून देवाचे आभार मानावे आणि ते आभार खरे असतील तर दुसऱ्याच्या ताटात घास घालावा, अशी त्या घराची साधी रीत होती.

टिळकांचा उधळा हात मात्र बदलला नव्हता. तेव्हा लक्ष्मीबाई रागावत, भांडत आणि काटकसर करून संसाराचा गाडा पुढे ओढीत. त्या काही मुकाट्याने सर्व सोसणाऱ्या नव्हत्या. परंतु त्यांच्या रागात विष नसे. पतीच्या ज्या दातृत्वामुळे घरातला डबा रिकामा होई, त्याच दातृत्वामुळे एखाद्या अनाथाचे पोट भरते, हे त्या ओळखून होत्या. अहमदनगरास प्लेगची साथ आली, तेव्हा जिवाची पर्वा न करता त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी काही काळ त्यांच्या घरी राहत होता. हाच पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला. आईच्या मायेने लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड पुरविले आणि खोड्याही सोसल्या. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात तो ऐन तारुण्यात मरण पावला.

पुढील वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचेही निधन झाले. एकोणचाळीस वर्षांच्या संसाराचा सोबती गेला. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या घरात होत्या आणि हाती पैसा नव्हता. परंतु त्या खचून बसल्या नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले. पुढे पुत्राच्या नोकरीच्या निमित्ताने त्या कराचीस जाऊन राहिल्या.

टिळकांनी येशूच्या जीवनावर ख्रिस्तायन नावाचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्याचे सुमारे दहाच अध्याय लिहून झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी हे अपुरे काम आपल्या शिरावर घेतले. एकेक ओवी रचीत, वर्षानुवर्षे खपून, त्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली आणि ते काव्य पूर्ण केले. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर १९३८ साली ख्रिस्तायन प्रकाशित झाले.

त्यांची खरी कीर्ती मात्र दुसऱ्याच एका पुस्तकाने झाली. टिळकांच्या चरित्रासाठी आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्या, असे दत्तूने, म्हणजेच देवदत्त नारायण टिळक यांनी, सुचविले. लक्ष्मीबाई लिहू लागल्या. त्यांना अलंकारिक भाषा ठाऊक नव्हती. ओटीवर बसून चार बायकांना एखादी हकिकत सांगावी, तसे त्यांनी लिहिले. या आठवणी स्मृतिचित्रे या नावाने १९३४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागल्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. वडिलांचे सोवळे, सासरचा जाच, पतीचा लहरीपणा, विरहाची वर्षे, दुष्काळ, प्लेग असे सारे त्यात आले आहे. परंतु कोणाविषयी कडवटपणा आलेला नाही. ज्यांनी दुःख दिले, त्यांचेही गुण त्यांनी आठवणीने नोंदविले. ज्यांनी एखाद्या वेळी घोटभर पाणी दिले, त्यांनाही त्या विसरल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आत्मचरित्राचे पुढे इंग्रजीतही भाषांतर झाले.

देवाच्या शोधात माणसे घर सोडून रानावनात जातात, तीर्थयात्रा करतात. लक्ष्मीबाईंना घर सोडावे लागले नाही. चूल, भांडीकुंडी, आजारी मुले, वेळी-अवेळी येणारे पाहुणे आणि खिसा रिकामा करून हसत घरी येणारा पती, याच पसाऱ्यात त्यांना परमेश्वर भेटला. आयुष्याने त्यांना थोडेच दिले आणि पुष्कळ हिरावून घेतले. तरीही आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांनी मिळालेलेच आधी मोजले. कृतज्ञ मन हे केवढे मोठे धन आहे, हे त्यांच्या चरित्रावरून कळून येते.